जर्मनीतल्या जुन्या शहरात वर्षभर स्वयंसेवक व्हायचंय? तयारी अशी करा

हार्ट्स डोंगराच्या पायथ्याशी क्वेडलिनबुर्ग नावाचं एक छोटं शहर आहे. जुन्या भागात लाकडी सांगाड्याची घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यातली काही चौदाव्या शतकातली. १९९४ पासून हा भाग जागतिक वारसा यादीत आहे. पूर्व जर्मनीच्या काळात यातल्या बऱ्याच घरांकडे कुणी फिरकलंच नाही. वाशांना कीड लागली, भिंती खचल्या. १९९० च्या एकीकरणानंतर दुरुस्तीला वेग आला आणि १९९९ मध्ये इथे पहिली युगेंडबाउह्युट्टे सुरू झाली. म्हणजे काय, तर तरुण मुलामुलींनी वर्षभर तिथे राहायचं आणि सुतार, गवंडी, मूर्तींची डागडुजी करणारे कारागीर किंवा संवर्धन कार्यालय यांच्या हाताखाली काम करायचं. पुढे ग्योर्लिट्स, ल्युबेक अशा इतर जुन्या शहरांतही हा उपक्रम गेला. त्यामागे दोन संस्था आहेत : वारसा जपणारी ‘डॉइचे श्टिफ्टुंग डेंकमालशुट्स’ आणि १९४९ पासून काम करणारी ‘आयजेजीडी’ ही युवा संस्था.

कायद्याच्या भाषेत हे ‘एफएसजे’, म्हणजे ऐच्छिक सामाजिक वर्ष. वयाची २७ वर्षं पूर्ण व्हायच्या आत जाता येतं. भारतीय पासपोर्टवरही जाता येतं, फक्त त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो.

आधी पैशांचं बोलू

‘युरोपात स्वयंसेवा, सगळं आम्ही बघतो’ अशा जाहिराती करून लाख-दोन लाख मागणारे एजंट आपल्याकडे कमी नाहीत. एफएसजेची जागा विकत घ्यावी लागत नाही. उलट संस्थाच तुम्हाला दरमहा हातखर्च देते आणि आरोग्य विम्यासह सामाजिक विम्याचे हप्तेही तीच भरते. ‘जागा पक्की करतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा. तुमचा खर्च होतो तो भाषेच्या वर्गावर, परीक्षेवर, व्हिसावर, विमानाच्या तिकिटावर आणि पहिल्या महिन्याच्या खर्चावर.

हातखर्च म्हणजे पगार नव्हे, हे घरच्यांनाही नीट सांगून ठेवा. त्यातून गावी पैसे पाठवता येणार नाहीत. राहण्याची सोय प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. काही ठिकाणी स्वयंसेवकांसाठी एकत्र घर असतं, काही ठिकाणी खोली आपली आपण शोधावी लागते. मुलाखतीत हा प्रश्न न लाजता विचारा. भाड्यात वीज आणि हीटिंग धरलंय का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

भाषा : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

काम सुरू होतं साधारण सप्टेंबरमध्ये. म्हणून तयारी त्याच्या दीड वर्ष आधी सुरू करा, कारण जर्मन येत नसेल तर पुढचं सगळं अडतं. तुमचा मुकादम इंग्रजीतून बोलणार नाही. ‘वरची फळी धर, पण ती कुजलेली बाजू सोडून’ हे वाक्य मचाणावर उभं असताना पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे. वरून सेमिनारही जर्मनमध्येच असतात. माझं मत विचाराल तर बी१ च्या (म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीच्या) खाली अर्जच करू नये. कागदावर कमी पातळी चालून गेली तरी वर्ष कठीण जातं.

पुण्यात बोट क्लब रोडवरचं मॅक्समुल्लर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही जर्मनचे वर्ग चालतात, आणि मुंबईतही मॅक्समुल्लर भवन आहे. गावाकडून शिकत असाल तर वर्ग ऑनलाइन करा, पण परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रातच द्या. वर्गाबरोबर कामाचे शब्दही जमवत राहा : चुना, माती, तुळई, रंधा, पटाशी, शिडी, हेल्मेट. पाठ्यपुस्तकात हॉटेलातली ऑर्डर असते, गारा कालवणं नसतं.

अर्ज आणि ते एक पत्र

अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावरून थेट करायचा. सप्टेंबरला जायचं असेल तर आदल्या हिवाळ्यातच करा, कारण व्हिसाला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. बायोडाटा, प्रमाणपत्रं आणि स्वतःबद्दलचं पत्र एवढं लागतं. बायोडाटा एका पानाचा पुरे. खरं वजन पत्राला असतं.

बहुतेक जण लिहितात, ‘मला युरोपियन संस्कृतीची आवड आहे.’ अशी पत्रं ढिगाने येतात. त्यापेक्षा तुमच्या हाताला काय ठाऊक आहे ते लिहा. क्वेडलिनबुर्गची जुनी भिंत जवळून पाहिली तर ओकच्या चौकटीत काठ्यांची वीण आणि तिच्यावर गवत मिसळलेली माती लिंपलेली दिसते. कोकणात आजीच्या घराचा कारवीचा कूड पाहिलेल्या मुलाला हे नवं नाही. वाईत किंवा कसबा पेठेत वाड्याची दुरुस्ती चालू असेल तर आठवडाभर तिथे जाऊन उभे राहा. मिस्त्री चुना किती दिवस भिजवतो, सिमेंटचा थर दिल्यावर जुन्या भिंतीत ओल का कोंडते, हे विचारा आणि त्यातलं काही पत्रात लिहा. सिमेंटचं हे दुखणं जर्मनीतही तेच आहे, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला तुमचं म्हणणं लगेच समजेल.

मुलाखत बहुधा व्हिडिओ कॉलवर होते. ‘थंडीत बाहेर काम जमेल का?’, ‘धुळीचा त्रास आहे का?’ असे प्रश्न आले तर खरं उत्तर द्या. दमा असेल तर तसं सांगा, कार्यालयातली किंवा नोंदी ठेवण्याची जागाही असू शकते.

निवड झाली की लेखी करार येतो. त्यात कामाची जागा, कालावधी, हातखर्च, रजा आणि सेमिनारचे दिवस लिहिलेले असतात. सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. व्हिसाच्या अर्जातला हा मुख्य कागद आहे.

व्हिसा आणि पहिले पंधरा दिवस

वर्षभरासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या थोड्या दिवसांच्या मुक्कामाचा) चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा (लांब मुक्कामाचा) लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे. स्वयंसेवेची कागदपत्रांची यादी त्यांच्या संकेतस्थळावरून ताजी उतरवून घ्या, मित्राने मागच्या वर्षी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. पासपोर्टवरचं आणि प्रमाणपत्रांवरचं नाव अक्षरशः एकच आहे का, हे आत्ताच तपासा. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत इथे हमखास गोंधळ करते.

पोचल्यावर पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो चावी घेतानाच मागा. मग बँक खातं, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवाना. काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, पण शुल्क घरामागे एकच असतं. सोबत राहणारं कुणी आधीच भरत असेल तर त्यांचा शुल्कखात्याचा क्रमांक कळवा.

वर्ष मोकळं नसेल तर

उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांची शिबिरं होतात. वायमारची ‘युरोपियन हेरिटेज व्हॉलंटियर्स’ वारशाच्या ठिकाणी अशी शिबिरं घेते. अशा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी शिबिरांची परंपरा १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळ पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका गावात सुरू झाली. ती सुरू करणारे स्वित्झर्लंडचे शांततावादी पिएर सेरेसोल पुढे १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्येही मदतीला आले होते. शिबिरासाठी शेंगेन व्हिसा पुरतो. त्याला किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जर्मनचा आग्रह इथे बहुधा नसतो, इंग्रजीवर भागतं. मात्र तिकिटाचा खर्च आणि कामाचे दिवस यांचा हिशोब मांडून बघा. वास्तुकलेचा विद्यार्थी असाल तर परवडतं, नुसत्या फोटोंसाठी महाग पडतं.

वर्षभराचं काम करणाऱ्यांनी शेवटी एक गोष्ट विसरू नये : प्रमाणपत्र. नुसतं ‘हजर होता’ असं नको, कोणती कामं केली आणि कशी केली याचा तपशील असलेलं मागा. निघण्याच्या महिनाभर आधी मुकादमाला आठवण करा आणि चुन्याचा गिलावा, सुतारकाम, नोंदी असं काय काय केलं त्याची यादी तुम्हीच लिहून त्यांच्या हातात द्या.