इपॉक्सीत नॅनोट्यूबच्या गुठळ्या: शेवटी जमलं एकदाचं

एम.टेक.च्या प्रोजेक्टला इपॉक्सीत (हार्डनर घातला की कडक होणारं रेझिन) ०.५ टक्के कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालून करंट वाहणारी शीट करायची होती, आणि दोन महिने नुसता वैताग. मल्टिमीटर एका कोपऱ्यात रीडिंग दाखवायचा, बोटभर पुढे गेलं की ओपन, म्हणजे करंटच नाही. रेझिनचा थेंब दोन काचपट्ट्यांत दाबून मायक्रोस्कोपखाली बघितला तर काळे ठिपके, अगदी न फुटलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या.

आधी बाथ सोनिकेटरमध्ये (अल्ट्रासाउंडने हलवणारं पाण्याचं भांडं) तीन तास ठेवलं, काडीचा फरक नाही, जाड रेझिनमध्ये त्याचा जोर पोचतच नाही. मग प्रोब (थेट मिश्रणात बुडवायची अल्ट्रासाउंडची दांडी) लावला पण सलग चालवला, बीकर इतका तापला की हात लावेना. जास्त वेळ चालवलं तर ट्यूबच तुटून आखूड होतात हे सरांनी नंतर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी असं केलं: ट्यूब आधी ॲसिटोनमध्ये, बीकर बर्फात, प्रोब ५ सेकंद चालू ५ सेकंद बंद, मग रेझिन घालून ढवळत ढवळत ॲसिटोन पूर्ण उडवलं (वजन करून खात्री केली, राहिलं तर शीट मऊ पडते) आणि शेजारच्या पेंट लॅबमधल्या थ्री रोल मिलमधून (तीन रोलरांच्या फटीत मिश्रण रगडणारं यंत्र) फट कमी करत चार वेळा काढलं. हार्डनर अगदी शेवटी, मग हवेचे बुडबुडे काढायला व्हॅक्यूम.

आता ठिपके जवळपास गेले, चारही कोपऱ्यांत रीडिंग येतंय. आणि हो, कोरडी पावडर मोजताना मास्क लावा, ती हवेत उडते.