शाळेच्या बोअरवेलच्या पाण्याबद्दल शंका आल्यास

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडी भागातील एखाद्या शाळेच्या बोअरवेलच्या पाण्याला वास येऊ लागला किंवा मुलांना वारंवार जुलाब होऊ लागले, तर पाणी तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्याच दिवशी बंद करावे व ग्रामपंचायतीकडे टँकरची मागणी करावी.

एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) ठरावासह पाणी तपासणीचा लेखी अर्ज पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्यावा, त्याच्या प्रती गटशिक्षणाधिकारी आणि ग्रामीण पेयजल विभागाला पाठवाव्यात आणि पोच घ्यावी. अर्ज मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहावा. भाषेच्या कारणावरून मुलांच्या पाण्याचा कागद एक दिवसही पडून राहता कामा नये.

नमुना घेताना पालकांनी स्वतः हजर राहावे. पाणी काही मिनिटे वाहू द्यावे, जंतुतपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये आणि बाटली बर्फाच्या पेटीतून २४ तासांच्या आत पोहोचवावी.

अहवालात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) मुळीच नसावा आणि नायट्रेट (खते, सांडपाणी यांतून पाण्यात मिसळणारा क्षार) लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट कमी होत नाही, ही गोष्ट स्वयंपाक करणाऱ्या ताईंना आवर्जून समजावून सांगावी. कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतंत्र तक्रार करावी.

अहवाल मिळत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार त्याची प्रत मागावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे.