भाऊबीजेच्या रात्री वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी: घरच्या घरी, दहा माणसांसाठी

आपल्या खान्देशात दिवाळीला लेकीबाळी माहेरी येतात, भाऊबीजेचं ओवाळणं झालं की सगळे एकदम जेवायला बसतात, आणि नेमकी तेव्हा घरातली एक बाई गॅसपाशी बट्ट्या तळत उभी असते. तिलाही पंगतीत बसता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून कोणतं काम कधी उरकायचं ते इथे लिहितेय.

पीठ दिवाळीआधीच दळून आणा. 1 किलो गव्हाला पाव किलो मका टाकायचा आणि गिरणीवाल्याला बट्टीचं दळण आहे असं सांगायचं, तो बरोबर रव्यासारखं जाडसर दळून देतो. पोळीचं बारीक पीठ वापरू नका, बट्टी चिवट होते.

भाऊबीजेच्या सकाळी पिठात मीठ, हळद, हातावर चोळलेला ओवा, थोडं जिरं आणि दोन चिमूट खायचा सोडा टाका. मग अर्धी-पाऊण वाटी तेल घालून दोन्ही हातांनी चांगलं चोळा, मुठीत दाबलं की पिठाचा मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलला की सुटला पाहिजे. नाही वळला तर अजून चमचा-दोन चमचे तेल घाला, इथे हात आखडता घेतला तर बट्टी दगड होते. पाणी मात्र जपून, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं.

आता जाडसर पोळी लाटा, वरून तेलाचा हात फिरवा, घट्ट गुंडाळी करा आणि चाळणीत ठेवून 20-25 मिनिटं वाफवा. सुरी खुपसली की कोरडी निघाली पाहिजे. बरेच जण गोळे करून उकळत्या पाण्यात सोडतात, तेही चालतं, पण गुंडाळीला आतून पदर सुटतात आणि त्या पदरांमध्येच वरण मुरतं.

यानंतर बट्टी पूर्ण गार होऊ द्या, अगदी दोन-तीन तास. आमच्याकडे एका वर्षी पाहुणे लवकर आले म्हणून गरमच कापल्या, निम्म्यांचा कढईत चुरा झाला आणि उरलेल्या तेल पिऊन बसल्या, तेव्हापासून वाफवायचं काम मी सकाळीच उरकते.

दुपारी भाजी. हिरवी वांगी मिळाली तर तीच घ्या, बामणोद, आसोद्याकडची वांगी याच दिवसांत बाजारात यायला लागतात, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही, साल पातळ आणि बिया कमी. दीड किलो वांग्यांच्या फोडी आणि दहा-बारा हिरव्या मिरच्या थोड्याशा पाण्यात मऊ शिजवून रवीने घोटा, मिक्सर नको, त्याने लगदा होतो. सढळ तेलात जिरं, ठेचलेला लसूण, भिजवलेले शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप परतून त्यात घोटलेली वांगी आणि मीठ घाला, कडेने तेल सुटेपर्यंत शिजू द्या, वरून कोथिंबीर भरपूर.

वरण सोपं, अर्धा किलो तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ. फक्त पातळ करू नका.

संध्याकाळी ओवाळायच्या आधी, साधारण अर्धा तास, गार बट्ट्यांचे दोन बोटं जाड काप करून मध्यम आचेवर बदामी तळा आणि कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. पानं वाढेपर्यंत गरम राहतात आणि गॅस बंद करून सगळ्यांना एकत्र बसता येतं. रावेर-यावलकडे असाल तर केळीचं पान घरचंच. आधी बट्टी हाताने कुस्करायची, वर गरम वरण, मग तूप, आणि तूप चमच्याने नाही, वाटीने. बाजूला भाजी, कांदा, लिंबू, तळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. गोडाला मी वेगळं काही करत नाही, शेवटची बट्टी गूळ-तुपात कुस्करून खाल्ली की झालं.

आणि दोन-तीन गुंडाळ्या न कापता, न तळता बाजूला ठेवा. बहीण दुसऱ्या दिवशी सासरी निघाली की डब्यात भरून द्या, तिकडे पोचल्यावर कापून ताज्या तळेल.