एआयला कोड लिहायला देण्याआधी रेपोत काय काय पाहिजे

क्लॉड कोड, कर्सर, कोडेक्स, यांपैकी कुठलाही एआय एजंट (स्वतः कोड लिहून चालवणारं टूल) वापरा, पण आधी एवढं बघा की रेपोची, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या कोडची, नवीन कॉपी (क्लोन) घेतल्यावर एका कमांडमध्ये प्रोजेक्ट उभा राहतो का आणि दुसऱ्या एका कमांडमध्ये सगळ्या टेस्ट चालतात का. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हेच करा, कारण एजंट कोड लिहितो, टेस्ट चालवतो, एरर वाचतो, परत दुरुस्त करतो, आणि टेस्टच नसतील तर आपलं चुकलंय हे त्याला कळणार कुठून, तो बिनधास्त सांगणार की झालं काम. टेस्टच्या पूर्ण सूटला पंधरा मिनिटं लागत असतील तर एकच फाइल चालवायची कमांडही लिहून ठेवा. कोड न चालवताच चुका पकडणारे लिंटर आणि टाइप चेकही बसवून घ्या.

मग सूचनांची फाइल. क्लॉड कोडला क्लॉड डॉट एमडी लागते, कोडेक्स आणि कर्सर एजंट्स डॉट एमडी वाचतात. टीममध्ये दोन्हीकडची माणसं असतील तर मजकूर एजंट्सवाल्या फाइलमध्ये ठेवा आणि क्लॉडवाल्या फाइलमध्ये ॲटचं चिन्ह लावून फक्त तिचं नाव लिहा, ती आपोआप आत येते. दोन कॉप्या अजिबात नको, एक हमखास जुनी होते. आणि फाइल छोटी ठेवा हो, ती दर सेशनला कॉन्टेक्स्टमध्ये (एजंट एका वेळी जेवढं डोळ्यासमोर ठेवतो त्यात) जाते, 'क्लीन कोड लिही' असल्या ओळींनी काहीही होत नाही. कोड वाचून जे कळत नाही तेवढंच लिहा, म्हणजे कुठल्या फाइल्स जनरेट होतात आणि हाताने बदलायच्या नाहीत, जुन्या मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलला) हात न लावता नवीनच करायचं, आणि ते एक मॉड्यूल विचित्र दिसतं ते तसं का ठेवलंय. हे शेवटचं बहुतेक टीममध्ये एखाद्या सीनियरच्या डोक्यातच असतं, त्याला बसवून लिहून घ्या.

नावांकडे लोक लक्षच देत नाहीत आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एजंट बराचसा कोड ग्रेप मारून, म्हणजे फाइल्समध्ये शब्द शोधून काढतो, त्यामुळे 'युटिल्स' नावाच्या पाच फाइल्स असतील तर नको ती उघडली जाणार. रेझरपेला (ऑनलाइन पेमेंटची सेवा) रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते, ₹500 साठी 50000. आता तुमच्या कोडमध्ये नुसतं 'अमाउंट' असेल तर ते रुपये की पैसे हे कळायला चार फाइल्स चाळाव्या लागतात, आणि न चाळता शंभरने परत गुणलं तर गिऱ्हाईकाला ₹50,000 चं बिल. व्हेरिएबलचं नावच 'अमाउंट पैसे' करा, विषय संपला.

सिक्रेट्सचं (पासवर्ड, कीज वगैरे) म्हणाल तर ते ज्यात असतात ती डॉट एनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये टाकली म्हणजे ती कमिट होत नाही, म्हणजे गिटच्या (कोडचे बदल नोंदवणाऱ्या टूलच्या) नोंदीत जात नाही, पण डिस्कवर असतेच आणि शेल (मशीनवर कमांड चालवायची मुभा) मिळालेला एजंट ती वाचू शकतो. म्हणून प्रॉडक्शनच्या कीज त्या मशीनवर नकोतच, डमी व्हॅल्यूंची एक्झाम्पल फाइल द्या.

काम द्यायच्या आधी सगळं कमिट करून वेगळी ब्रँच काढा. दोन एजंट एकदम चालवायचे असतील तर प्रत्येकाला त्याच रेपोचा वेगळा फोल्डर देणारी गिट वर्कट्री घ्या, ती 2015 पासून गिटमध्ये आहे. फक्त पोर्ट आणि टेस्ट डेटाबेसचं नाव एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून येऊ द्या, नाहीतर फोल्डर वेगळे असूनही एकाच्या टेस्ट दुसऱ्याचा डेटा पुसतात आणि दोघंही नसलेला बग शोधत बसतात.