'डिव्हाइड' शिकताना त्याच्या नंतरचा शब्दही शिका

भाषांतराची कामं नुकतीच घ्यायला लागलो होतो. गणिताच्या एका पुस्तिकेत वाक्य आलं: 'डिव्हाइड फोर इनटू ट्वेंटी.' मी लिहून टाकलं, '४ ला २० ने भागा.' खाली उत्तर छापलं होतं ५. माझ्या वाक्याचं उत्तर येत होतं ०.२. बराच वेळ मी छपाईची चूक शोधत बसलो. चूक माझी होती.

'बाय' असलं की भाज्य आधी, भाजक नंतर: 'डिव्हाइड ट्वेंटी बाय फोर.' 'इनटू'नंतर नुसती संख्या आली की क्रम उलटतो, म्हणजे २० मध्ये ४ किती वेळा जातात ते काढायचं. पण 'डिव्हाइड ट्वेंटी इनटू फोर पार्ट्स' म्हटलं की २० चे चार भाग करायचे. त्यात आपल्याला 'इनटू' म्हणजे गुणिले ही शाळेपासूनची सवय, त्यामुळे गोंधळ वाढतो. म्हणून 'इनटू' दिसला की पुढे नुसती संख्या आहे की 'पार्ट्स', 'ग्रुप्स' असं नाम आहे, हे आधी पाहा.

खरं सांगायचं तर हे क्रियापद अवघड नाही, आपली भाषा वेगळ्या रीतीनं चालते इतकंच. मराठीत क्रियापदच बदलतं: संख्या भागतो, वर्गाचे गट पाडतो, पैसे वाटून घेतो, एखाद्या प्रश्नावर दुमत होतं. इंग्रजीत या सगळ्याला 'डिव्हाइड' चालतो. बदलतो तो नंतरचा छोटा शब्द. संख्येला 'बाय', गटांना 'इनटू', माणसांत वाटायला 'बिट्वीन' किंवा 'अमंग', मतभेदाला 'ऑन' किंवा 'ओव्हर'. दोघांत 'बिट्वीन' आणि जास्त जणांत 'अमंग' हा नियम सुरुवातीला ठीक आहे, पण तिघांची नावं घेऊन वाटणी सांगताना 'बिट्वीन'ही बरोबरच असतो. तो खोडू नका.

'स्प्लिट' जरा घरगुती शब्द. खर्च वाटून घेताना बोलण्यात तोच जास्त येतो. भूतकाळातही तो 'स्प्लिट'च राहतो. 'स्प्लिटेड' असं रूप नाही.

एक गोष्ट मला फार आवडते. 'इंडिव्हिज्युअल' याच कुळातला शब्द, मूळ अर्थ 'ज्याचे भाग पडत नाहीत असा'. हे कळल्यापासून त्याचं स्पेलिंग मी कधी चुकलो नाही.

आजही नवं क्रियापद वहीत उतरवताना मी ते एकटं लिहीत नाही. एका ओळीत 'डिव्हाइड बाय', पुढच्या ओळीत 'डिव्हाइड इनटू', आणि प्रत्येकासमोर एक पूर्ण मराठी वाक्य.