मुंज, धोंडा आणि मधेच माझं थोडं काम: मे महिन्याची तयारी

यंदाचा, म्हणजे २०२६ चा मे नेहमीचा मे नाहीये हे आधी लिहून ठेवा, कारण १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आलाय, म्हणजे तो लागायच्या आत सगळ्यांना आपापली लग्नं-मुंजी उरकायच्यात आणि तो लागला रे लागला की जावयांची जेवणं सुरू. मागचा अधिक २०२३ ला श्रावणात आला होता, तेव्हा बाहेर निदान पाऊस तरी होता, आता भर उकाड्यात पुरण. आमच्याकडे मेच्या सुरुवातीला दिराच्या मुलाची मुंज आहे रत्नागिरीत, आणि मे संपता संपता माझ्या माहेरी कुडाळला नवऱ्याचं धोंड्याचं जेवण. शिवाय मला माझ्या कामासाठी थोडं बघून यायचंय. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, दिवाळी अंकांची कामं जून-जुलैत यायला लागतात, आणि तोपर्यंत डोळ्यांना नवीन काही मिळालं नाही तर गेल्या वर्षीचीच झाडं आणि गेल्या वर्षीच्याच मांजरी परत कागदावर उतरतात. यादी स्वतःपुरतीच करत होते पण जावेने मागितली, मग मावसबहिणीने, म्हणून आता सगळं सलग लिहून टाकते.

ज्यांची अशीच तारांबळ आहे त्यांना माझं एकच म्हणणं, कामाचं बघायला वेगळी सुट्टी काढू हे डोक्यातून काढून टाका, ती मिळत नाही. नातेवाईक जिथे आहेत तिथून तासाभराच्या आत बघण्यासारखं काय आहे ते शोधा आणि घरच्या कार्यक्रमातच बसवा, तेही तिकीट काढायच्या आधी. आणि घरी स्पष्ट सांगून ठेवा की अमुक सकाळी मी नसेन. आयत्या वेळी सांगितलं की ते फिरणं होतं, आधी सांगितलं तर काम होतं, बायकांच्या बाबतीत तर हमखास.

आता तिकिटं. कोकण रेल्वेचं रिझर्वेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय, त्यामुळे कॅलेंडरवर जायच्या तारखेवर नाही तर त्याच्या ६० दिवस आधीच्या तारखेवर गोल करा, सकाळी आठला लॉगिन करून बसा, आणि प्रवाशांची नावं-वयं आदल्या रात्रीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. तुतारी एक्सप्रेसने जाणार असाल तर तारीख दोनदा बघा, ती दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं. नाहीच मिळालं तर तत्काळ आहे, आदल्या दिवशी एसीचं दहाला आणि बिगर-एसीचं अकराला उघडतं, पण आता त्याला आधार जोडलेलं अकाउंट लागतं, तर ते जोडण्याचं काम आज करा, त्या दिवशी दहाला पाच कमी असताना नको. आणि तेही हुकलं तर दिवा-सावंतवाडी आहेच, वेळ खाते पण खिडकीतून कोकण नीट दिसतं आणि स्केचबुकाची पाच-सात पानं आरामात भरतात, मला तर ती आवडतेच, नवऱ्याला सांगू नका. रत्नागिरी-कुडाळ मधल्या फेऱ्यांसाठी एसटी, बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या वर पूर्ण मोफत, फक्त सासूबाईंचं ओरिजनल आधार कार्ड पर्समध्ये हवं.

मुंजीचं सामान मुलाचे आईवडील आणि गुरुजी बघतात, पळी-पंचपात्र, दंड, लंगोटी, सोवळं वगैरे, त्यात काकूने नाक खुपसू नये असं माझं मत आहे. काकूच्या वाट्याला येतं ते वेगळंच. निघायच्या आधी इथे डोंबिवलीत बटूचं केळवण करायचंय, ते एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, आमरस नको कारण तिकडे रोज तोच असणार, मटार उसळही नको, साधं श्रीखंड-पुरी. ग्रहमखाच्या, म्हणजे मुंजीआधीच्या ग्रहशांतीच्या, आदल्या दिवशी पोचायचं, त्याच दिवशी नाही, नाहीतर घाणा भरायला सगळ्या जमलेल्या आणि आपण अजून बॅगा उघडतोय. मातृभोजनाच्या वेळी बटूच्या पंगतीला आमचा धाकटाही बसणार आहे, त्याला पिवळा सदरा आणि टोपी. भिक्षावळीला लाडू सगळेच घालतात, मी लाडवांसोबत एक कोरी वही आणि रंगीत खडू घालणार आहे, कोणाला खटकलं तर खटकू दे. पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापलेलं असलं तरी पाकिटं घ्या, रुपयाचं नाणं चिकटवलेली, आणि सुट्ट्या शंभराच्या नोटा आत्ताच बाजूला काढा, तिकडे गेल्यावर सगळेच सगळ्यांकडे सुट्टे मागत फिरतात.

साड्यांचं सांगते. होमाचा धूर, हॉलमधले दमलेले पंखे आणि मेमधली रत्नागिरी, यात पैठणी म्हणजे शिक्षा. मुहूर्ताला नारायणपेठ, बाकी सगळं सुती, पैठणी नेलीच तर संध्याकाळी फोटोपुरती. ब्लाउज पाडव्याच्या आधी टेलरकडे पडले पाहिजेत, यंदा सगळी लग्नसराई १६ मेच्या आत कोंबलीय त्यामुळे एप्रिलमध्ये टेलर नवीन कपडे हातातच घेणार नाहीत.

मुंजीनंतर बटूला घेऊन कुलदेवताला जायचं, आमचा कनकादित्य, कशेळीला. आणि इथे माझं पहिलं काम बसतं, कारण त्याच कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेला तो प्रचंड हत्ती आहे. साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. आणि गंमत अशी की त्या हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत दुसरे कितीतरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेत. चित्रकाराने जाऊन बसावं अशी जागा आहे ती, एका आकाराच्या पोटात एवढे आकार बसवले तरी हत्ती हत्तीच राहतो, हे आम्हाला आज कॉम्प्युटरवर लेयर घेऊन जमत नाही. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीबरोबर उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे अशी नावं आहेत, म्हणजे तुमचं सासर राजापूर-रत्नागिरी पट्ट्यात कुठेही असलं तरी एखादं जवळ पडेलच. देवाचे गोठण्याला जमलं तर साधं होकायंत्र न्या, तिथे कोरलेल्या माणसाच्या आकृतीजवळ सुई भलतीकडेच वळते, मुलांना हे दाखवलं की पुढचे दोन तास ती काही मागत नाहीत.

सड्यावर जायची तयारी वेगळी लिहा. सकाळी सातच्या आत तिथे पोचायचं, नाहीतर सरळ साडेपाचनंतर, कारण एक तर दुपारी जांभा तव्यासारखा तापतो आणि दुसरं म्हणजे ऊन तिरकं असतं तेव्हाच रेषांमध्ये सावली पडते आणि चित्र उठून दिसतं, बाराच्या उन्हात नुसता खडबडीत दगड. म्हणून आमचं आधी कातळशिल्प आणि मग देवदर्शन असं ठरलंय, सासूबाईंना हा उलटा क्रम पटायला जरा वेळ लागला. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, मऊ तळाच्या चपला, त्याही शिल्पापाशी काढायच्याच, रेषांवर पाय नको आणि फोटोत छान यावं म्हणून खडूने रेषा भरणं तर अजिबातच नको. सावली नावाची गोष्ट नाही, छत्री घ्या. मॅप आधीच डाउनलोड करा, सड्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो, आणि गावात विचारून कोणाला तरी सोबत न्या, वाट दाखवणाऱ्याला चार पैसे मिळतात आणि आपला तास वाचतो. आणि हे सगळं मेमध्येच, पाऊस पडला की गवत वाढतं आणि चित्रं झाकली जातात.

मधले दिवस परत डोंबिवली, त्यांचं फार काही लिहायला नको, राहिलेलं काम, लाइट बिल, गॅस, मुलांची पुढच्या वर्षीची पुस्तकं आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार.

मग धोंडा. जावयाला ३३ चं वाण द्यायचं, तीस-तीन म्हणतात तसं, आणि आमच्याकडे ते अनारशांचंच लागतं, बत्ताशांवर भागवलं तर आई वर्षभर बोलेल. अनारसे आयत्या वेळी होत नाहीत हे ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कपड्यावर पसरून अर्धवट ओलसर असतानाच दळायचे, बारीक चाळायचे, गूळ आणि चमचाभर तूप घालून मळून गोळा डब्यात ठेवायचा आणि तो चार-सहा दिवस तरी मुरू द्यायचा. म्हणजे जेवणाच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तांदूळ भिजत पडले पाहिजेत. आईचं वय बघता या खेपेला पीठ मी इथून करून नेणार आहे, तिने फक्त खसखशीवर थापून तळायचे, यावर फोनवर "तुझ्या पिठाचो भरवसो नाय गो" असं ऐकून झालंय, तरी नेणार. चांदीचं ताट-वाटी वगैरे यंदा कोणी मनात आणू नका, भाव बघा आधी, तांब्याचं ताम्हण आणि निरांजन छान दिसतं आणि वापरातही येतं. आणि लेकीने अधिकात आईची ओटी भरायची असते, ती साडी मात्र मी माझ्या पैशाने आणि माझ्या पसंतीने आत्ताच घेऊन ठेवलीय, सोबत खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू एका वेगळ्या पिशवीत, मोठ्या बॅगेत टाकलं की कुंकू सांडतंच.

कुडाळला गेलं की आईला पिंगुळीला राऊळ महाराजांच्या मठात जायचंच असतं. त्याच पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं म्युझियम केलंय, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. आई मठात जाऊन येईपर्यंत मी तिथे. चित्रकथीचं पान पाठीला पाठ लावून चिकटवलेलं असतं, दोन्ही बाजूंना चित्र, आणि सांगणारा गाऊन गोष्ट सांगताना एकेक पान पुढे करत जातो. म्हणजे पान कुठे उलटायचं, कुठे थांबायचं, हा आम्हा चित्रांच्या पुस्तकवाल्यांचा रोजचा प्रश्न त्यांनी कधीच सोडवून ठेवलाय. जायच्या आधी फोन करून विचारा, सादरीकरण बघायचं असेल तर ते आयत्या वेळी होत नाही, आणि फोटो काढायच्या आधीही विचारा.

तिथून पुढे सावंतवाडी, आईची बहीण तिथेच राहते त्यामुळे जेवणाची सोय आहे, आणि दुपारी सगळ्या आडव्या झाल्या की मी राजवाड्यात. गंजिफा. तळहातात मावतील एवढे गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावताराचा संच १२० पत्त्यांचा: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला मरायला टेकली होती तेव्हा सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसल्यांनी ती पुन्हा उभी केली, राजवाड्यात बसून कलाकार काम करतात ते बघायला मिळतं. मला राजा-प्रधानापेक्षा साधे पत्ते जास्त बघायचेत, गोलात सात मासे कसे बसवलेत, नऊ कसे बसवलेत, आकडा न लिहिता कळतं कसं. म्हणून निघायच्या आधी वाटी ठेवून स्केचबुकात वीस-पंचवीस गोल काढून ठेवा, तिथे बसून गोल काढत वेळ घालवू नका. विकत घ्यायचं असेल तर बजेट आधीच ठरवा, पूर्ण संच महाग असतो आणि तसाच असायला हवा, घासाघीस करू नका, परवडत नसेल तर छोटी वस्तू घ्या. मुलांसाठी चितारआळीतली लाकडी फळं, खोटा आंबा खऱ्यापेक्षा जास्त टिकतो. थोडी कॅशही ठेवा, स्कॅनर सगळीकडे आहे पण रेंज मूडवर.

कामाची पिशवी लहानच हवी: दोन स्केचबुकं, जाड कागदाची, कारण कोकणातल्या दमट हवेत पातळ कागद पापडासारखा वळतो, पेन्सिली, एक ब्रशपेन, छोटी रंगपेटी, जुना रुमाल, बस. टॅब नेऊ नका, मुलं घेतात. रात्री झोपायच्या आधी त्या दिवशीच्या पानावर गाव आणि तारीख लिहायची, महिन्याभराने कुठला मासा कुठला ते आठवत नाही.

परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यातलंच, शाळा महिन्याच्या मध्याला उघडतात, आणि जूनमध्येच कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, मग गाड्या सावकाश धावतात आणि वेळा बदलतात. हापूस तोपर्यंत संपत आलेला असतो, वळवाचा एखादा पाऊस झाला असेल तर साका, म्हणजे आतून पांढरा खराब गर, निघायची भीती, म्हणून घरचा कोणी बागायतदार असेल त्याला आत्ताच सांगून ठेवा की एक पेटी मेच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवून ठेव, अर्धी कच्ची अर्धी पिकायला आलेली, गवतात. पेटीवर नाव मोठ्या अक्षरात घाला, गाडीत सगळ्यांच्या पेट्या एकसारख्या दिसतात. काजूगर, कोकमं, कुळथाचं पीठ एका सामानात. फणसाला मी या खेपेला नाही म्हणणार आहे, आई ऐकणार नाही ते वेगळं, तर त्यासाठी एक रिकामी गोणी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊनच ठेवा.