कोरडवाहू रानातलं नत्र नांगराने घालवू नका: या चुका टाळा

"नांगरलं की पीक हिरवंगार येतं, मग बिघडलं कुठे?" दर उन्हाळ्यात हे कुणीतरी विचारतंच. हिरवं येतं, खरं आहे. पण ज्या नत्रामुळे (नायट्रोजनमुळे) ते हिरवं होतं, ते नांगराने आणलेलं नसतं, रानातलंच असतं. माती उलटली की तिच्यात दडलेल्या सेंद्रिय पदार्थाला हवा लागते, जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि नत्र मोकळं होतं. मातीत सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातला कार्बन) ०.५ टक्के असेल, तर वरच्या १५ सेंटिमीटर थरात हेक्टरी साधारण १००० किलो नत्र असतं. त्यातलं वर्षाला दोनेक टक्के, म्हणजे २० किलोच्या आसपास, मोकळं होतं. दरवर्षीच्या खोल नांगरटीने साठा झपाट्याने उपसला जातो. तोही पिकाच्या पदरात पडतोच असं नाही. पहिल्या पावसासरशी नायट्रेट (पाण्यात विरघळणारं नत्र) भरपूर तयार होतं तेव्हा पीक बोटभर असतं. जोराची सर आली की ते मुळांच्या खाली उतरतं. मी खोल नांगरट हराळी-कुंदा असं तण माजलं तरच करतो. एरवी माती वरवर हलवणाऱ्या वखराच्या दोन पाळ्या पुरतात.

दुसरी चूक मी स्वतः भोगली आहे. रान स्वच्छ दिसावं म्हणून पेरणीच्या आठ दिवस आधी ज्वारीची धसकटं रोटाव्हेटरने मातीत घातली. विसाव्या दिवशी बाजरी पिवळी पडली. लोह कमी असेल म्हणून फवारणी केली, पैसे वाया गेले. लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. इथे खालची पानं शेंड्याकडून पिवळी होत होती. बांधालगत रोटाव्हेटर पोचला नव्हता, तेवढा पट्टा मात्र हिरवा! रोप उपटलं तर धसकटाच्या तुकड्यांवर बुरशीचे पांढरे धागे. ज्वारीच्या काडात नत्राच्या कितीतरी पट कर्ब असतो. तो कुजवायला जिवाणूंना नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं ओढतात. पुढे पीक हिरवं झालं, पण फुटवे फुटायची वेळ निघून गेली होती. आता धसकटं मी वरच ठेवतो, दोन ओळींच्या मधून पेरतो आणि थोडं नत्र पेरणीबरोबरच देतो.

नांगर सोडलेल्यांची चूक वेगळी: काडीकचऱ्यावर युरिया फेकणं. तो अमोनिया होऊन उडतो. ओल्या मातीत, बियाण्याच्या बाजूला, मातीआड द्या. सुरुवातीची दोन-तीन वर्षं नत्र हळू मोकळं होतं, पीक फिकं दिसतं. ते बघून घाबरून पुन्हा नांगर घालणारे पाहिले की जीव तुटतो. साठत आलेलं एका दिवसात उधळलं जातं.

वाफसा (माती ना चिखल ना कोरडी अशी स्थिती) नसताना औत घालू नका. उताराला आडवंच चाला. माती वाहिली की नत्रही गेलं. आणि बिननांगरटीच्या रानात मातीचा नमुना ०-५ आणि ५-१५ सेंटिमीटर असा वेगवेगळा काढा, कारण तिथे सेंद्रिय नत्र वरच्या थरातच जास्त साठतं.